गुलमर्ग, माथेरान आणि आईचे गुडघे

बरेच दिवस हे लिहायचं म्हणत होतो, राहून जात होतं. परवा नाशिकच्या मावशीचा फोन आला आणि विषय पुन्हा निघाला. तिला या हिवाळ्यात काश्मीरला जायचंय. "तुझ्या आईचा तो फोटो पाहिल्यापासून डोक्यात बसलंय बघ," म्हणाली, "मला पण तसंच बसायचंय."

तो फोटो घरच्या मंडळींपैकी बहुतेकांनी पाहिलाय. आई लाकडी स्लेजवर बसली आहे. अंगात तनमर्गला भाड्याने घेतलेला, कुणाच्या तरी घामाचा वास येणारा लांब कोट, त्यावर वाघोलीहून नेलेली तिची चॉकलेटी शाल, पायात गमबूट. तोंडभर हसतेय. फोटोच्या डाव्या कोपऱ्यात एक दोरी दिसते. ती दोरी ज्याच्या हातात होती तो माणूस फोटोत नाही, कारण ग्रुपवर टाकण्याआधी मी त्याला कापला होता. हे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

तर मावशी, तुझ्यासाठी म्हणून हे सगळं नीट लिहितो. लांबण लागेल, सांभाळून घे.

आम्ही गेलो ते फेब्रुवारी २०२५मध्ये. आईचं वय एकाहत्तर, दोन्ही गुडघे केव्हाचे बोलायला लागलेत. वाघोलीत तिचं चालणं म्हणजे लिफ्टपासून सोसायटीच्या गेटपर्यंत. कधी वाघेश्वराला गेलो तरी गाडी पार देवळाच्या दारात न्यावी लागते. नगर रोड पायी ओलांडणं तर आता मलाच जमत नाही, ती कुठून ओलांडणार! पण बर्फ बघायचा हा तिचा फार जुना हट्ट. १९७४ साली 'आप की कसम' आला, त्यात गुलमर्गच्या टेकाडावरचं शंकराचं देऊळ आहे, ते तिला बघायचं होतं. ते देऊळ जून २०२४मध्ये आगीत जळालं हे मी तिला निघण्याआधीच सांगून ठेवलं. ती म्हणाली, "देऊळ जळलं तर जळलं, डोंगर आहे ना जागेवर?"

आपल्या मराठीत एक गंमत आहे. गाड्यावरच्या गोळ्यातलाही बर्फ, फ्रीजमधलाही बर्फ, माशांच्या पेटीतलाही बर्फ आणि आभाळातून पडतो तोही बर्फच. आपल्याकडे पडतच नाही तर वेगळे शब्द कशाला हवेत? त्यामुळे "बर्फ बघायला चाललोय" असं आई कामवाल्या मावशींना सांगायची तेव्हा त्या हसायच्या.

तर गुलमर्ग. आधी चांगलं सांगतो, कारण तिथे चांगलं पुष्कळ आहे. श्रीनगरहून तनमर्ग, आणि तिथून साधारण तेरा किलोमीटरचा देवदारांमधला घाट चढला की एकदम मोठं, उतरतं, कपासारखं मैदान लागतं. उंची सुमारे २६५० मीटर. इंग्रज उन्हाळ्यात इथे गोल्फ खेळायचे, हिवाळ्यात स्की करायला लागले. स्वातंत्र्यानंतर १९४८मध्ये लष्कराने इथेच स्कीची शाळा काढली, तिचंच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झालं. उंचावरच्या लढाईसाठी जवानांची तयारी करून घेणारी जी संस्था आपण ऐकतो ती हीच. गोंडोला म्हणजे बंद डब्यांचा रोपवे. फ्रेंच बनावटीचा, दोन टप्प्यांचा. पहिला टप्पा कोंगडूरीपर्यंत, १९९८मध्ये सुरू झाला. दुसरा अफरवटच्या खांद्यापर्यंत, जवळजवळ चार हजार मीटरवर नेऊन सोडतो, तो २००५पासून. एका डब्यात सहा माणसं. तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, ते मात्र विसरू नकोस.

पहिल्या टप्प्याला आई माझ्या शेजारी बसली होती. खाली देवदारांचे शेंडे, गुज्जरांची मातीच्या छपरांची रिकामी घरं. ती सगळा वेळ काचेला नाक लावून. दहाएक मिनिटांचा प्रवास, पण वर उतरल्यावर म्हणाली, "आपल्या सप्तशृंगीच्या ट्रॉलीपेक्षा लांब आहे." तिचं मोजमाप ते. सप्तशृंगगडावर फ्युनिक्युलर ट्रॉली झाल्यापासून ती दोनदा देवीला जाऊन आलीय. त्याआधी पायऱ्यांच्या धास्तीने कितीतरी वर्षं गेलीच नव्हती.

दुसऱ्या टप्प्याला मी आईला नेलं नाही, रक्तदाबाचा त्रास आहे. मीही गेलो नाही. बायको आणि लेक जाऊन आल्या आणि दोघी बराच वेळ काही बोलल्याच नाहीत, एवढंच सांगतो.

आता अडचणीचं. आमची गाडी टॅक्सी स्टँडवर थांबली. तिथून गोंडोलापर्यंत साधारण एक किलोमीटर. त्या दिवशी पुढे गाडी सोडत नव्हते. चालणाऱ्याला ते एक किलोमीटर म्हणजे काहीच नाही, छान वाटतं. आईला मात्र ते पुणे ते पंढरपूर. रस्ता कुठे गोठलेला, कुठे वितळून चिखल झालेला. घोड्यावर ती बसणार नाही (कालच पहलगामला घोड्याकडे बघूनच तिने हात जोडले होते), स्नो बाइकवर मी तिला बसवणार नाही. गाडीचं दार उघडायच्या आधीच पंधरावीस जणांनी वेढा घातला होता. "सर, स्लेज! माताजी चल नहीं पाएँगी, सर!" ते खरंच बोलत होते, म्हणून राग जास्त आला.

मी तोपर्यंत ठरवून गेलो होतो की माणसाने ओढायच्या गाडीत आपण बसायचं नाही. त्याचं कारण माथेरान. मी सात-आठ वर्षांचा असताना आजीला हातरिक्षात बसवून आम्ही दस्तुरीपासून बाजारापर्यंत गेलो होतो. पुढे एकजण ओढायला, मागे एकजण ढकलायला, लाल मातीचा चढ. मी रिक्षाच्या बाजूने पळत होतो. पुढच्या माणसाच्या मानेवरची शीर एवढी फुगली होती की मला वाटलं ती फुटणार. ते काही केल्या डोक्यातून गेलं नाही. मोठेपणी कॉलेजात असताना मित्रांना यावर भाषणंही ठोकली. भाषणं ठोकायला काय लागतं, तेव्हा आजी गेली होती आणि आईचे गुडघे ठणठणीत होते!

आणि आता गुलमर्गात मी काय केलं? घासाघीस. त्याने अठराशे सांगितले, मी सहाशेपासून सुरू झालो आणि नऊशेवर तुटलं. निघताना सगळ्यांनी बजावलं होतं ना, "काश्मीरला सांगतील त्याच्या निम्म्यात मागायचं", ते तंतोतंत पाळलं. पैसे वाचवल्याचा आनंदही झाला, खोटं कशाला बोलू.

माणूस पन्नाशीचा असेल. फिरन, दाढी पांढरी, पायात माझ्यासारखेच रबरी बूट, फक्त त्याचे फाटलेले. त्याने आईला "बैठो माताजी, कुछ नहीं होगा" म्हणत हाताला धरून बसवलं, शाल तिच्या पायाखाली नीट खोचली, म्हणजे ती स्लेजखाली अडकू नये. आणि दोरी खांद्यावरून घेऊन निघाला.

स्लेज म्हणजे चार फळ्या आणि खाली दोन लाकडी पट्ट्या, त्यांना लोखंड मारलेलं. बर्फावर ती सरसर जाते, फार जोर लागत नाही. पण त्या फेब्रुवारीत गुलमर्गला बर्फ नव्हताच म्हणायचा. चिल्लई कलां म्हणतात ते कडाक्याचे चाळीस दिवस २१ डिसेंबरला सुरू होतात, ते बरेचसे कोरडेच गेले होते. आमच्या आगेमागेच तिथे खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा व्हायच्या होत्या, त्या बर्फाअभावी पुढे ढकलाव्या लागल्या आणि मार्चमध्ये झाल्या. म्हणजे आम्ही चालत होतो त्या वाटेवर वीस पावलं बर्फ, मग दहा पावलं नुसता चिखल आणि पिवळं गवत. चिखलात स्लेज घसरत नाही. ती नांगरासारखी रुतते. तिथे तो माणूस कमरेत वाकायचा आणि जवळजवळ आडवा होऊन ओढायचा. दोन ठिकाणी मी मागून ढकलायला लागलो तर आईच ओरडली, "अरे तू नको, तुझी कंबर!" हे वाक्य ऐकल्यावर मला काय वाटलं ते लिहीत नाही. तिच्या मनात तसं काही नव्हतं. आई ती आई.

मान मी दुसरीकडे वळवली तर समोर स्कीचा उतार. तिथे शिकाऊ मंडळी, त्यात माझी लेकही होती दुसऱ्या दिवशी. दोन्ही स्कीची टोकं जवळ आणायची आणि टाचा फाकवायच्या, म्हणजे वेग कमी होतो, याला तिथले मास्तर "पिझ्झा" म्हणतात. "पिझ्झा बनाओ, बेटा, पिझ्झा!" असं दिवसभर ऐकू येतं. एकदा खाली घसरलं की परत वर चढायचा त्रास नको म्हणून शिकणाऱ्यांसाठी ओढून नेणारी यांत्रिक दोरी असते, ड्रॅग लिफ्ट. म्हणजे बघा, धडधाकट पोरांना वर ओढून न्यायला यंत्र आहे, आणि माझ्या म्हातारीला सपाटीवरून न्यायला पन्नाशीचा माणूस. डोंगराच्या चार हजार मीटरपर्यंत पोचायची सोय आपण १९९८ आणि २००५मध्ये केली, टॅक्सी स्टँडपासून त्या यंत्राच्या दारापर्यंतची सोय करायला मात्र कुणाला सुचलं नाही. सुचलंही असेल, पण तिथे माणसं स्वस्तात उभीच होती.

माझं म्हणणं एवढंच आहे. कुठल्याही थंड हवेच्या ठिकाणाच्या सोयी मोजायच्या तर वरून मोजू नयेत, गाडीचं दार उघडतं तिथून मोजाव्यात. रोपवे किती उंच आणि हॉटेल किती तारांचं हे नंतर.

"मग स्लेज बंद करा" असं मी म्हणतोय असं वाटेल. तसं म्हणून भागत नाही. परत येताना उतार होता. तो माणूस पुढे बसला, आईला म्हणाला, "पकड़ के रखना", आणि दोघं सुसाट खाली. टाचांनी ब्रेक मारत, वळणं घेत. आई किंचाळत होती, हसत होती. तो फोटो खाली थांबल्यावरचा. तिला असं हसताना मी बाबा गेल्यानंतर पाहिलं नव्हतं. आणि ते हसू त्या माणसाच्या कौशल्याचं होतं, ते नाकारता येत नाही. अंगात ताकद लागतेच, पण त्या उतारावर स्लेज कुठे सोडायची आणि कुठे टाच रोवायची हे त्याला जेवढं कळतं तेवढं तिथल्या मास्तरांनाच कळत असेल. तनमर्गजवळच्याच खेड्यातला आरिफ खान २०२२च्या बीजिंग हिवाळी ऑलिम्पिकला गेला होता, भारताचा त्या खेपेचा एकमेव खेळाडू. त्याच्या वडिलांचं गुलमर्गमध्ये स्कीच्या सामानाचं दुकान होतं. स्लेजवाला सांगत होता की आपला पुतण्याही सरकारी कोर्स करून स्की शिकवतो. "हमारे टाइम में स्की किसके पास थी," म्हणाला. एवढ्यावर विषय संपला.

रात्री हॉटेलवर आईशी वाद झाला. मी म्हटलं, आपण त्याला बैलासारखं राबवलं. ती म्हणाली, "तू लाजून पायी चालायला लावलं असतंस तर तो आज घरी काय घेऊन गेला असता? तुझी लाज?" मग वर हेही म्हणाली की नऊशेत तुटलेलं तिला कळलं होतं, म्हणून उतरताना तिने स्वतःच्या पाकिटातले पाचशे त्याला वेगळे दिले. मी गप्प. पुढे म्हणाली, "वाघोलीत आपली बिल्डिंग बांधत होते तेव्हा बायका डोक्यावर विटा घेऊन चौथ्या मजल्यावर चढत होत्या. तेव्हा तू बुकिंगची पावती घेऊन खाली उभा होतास. तेव्हा नाही वाटलं काही?"

नव्हतं वाटलं, हे खरंय. लिफ्ट बंद असते त्या दिवशी पाण्याचा वीस लिटरचा जार खांद्यावर घेऊन पोरगा चार मजले चढतो, मी दार उघडून "ठेव तिकडे" म्हणतो. डिसेंबर २०२४मध्ये केसनंद फाट्यावर फुटपाथवर झोपलेल्या मजुरांवर डंपर गेला. अमरावतीकडून कामाला आलेली माणसं, त्यात लहान लेकरं दगावली. आमच्या घरापासून ते ठिकाण फार लांब नाही. मी दोन दिवस हळहळलो आणि तिसऱ्या दिवशी तिथल्या ट्रॅफिकला शिव्या घातल्या. गुलमर्गला वाईट वाटलं कारण तिथे मी सुट्टीवर होतो आणि दोरीच्या टोकाला माझीच आई होती. वाईट वाटायलाही रिकामा वेळ लागतो बहुतेक.

नंतर २२ एप्रिलला पहलगाम झालं. सव्वीस माणसं गेली, त्यात आपल्या महाराष्ट्राची सहा, त्यातली दोन पुण्याची. पर्यटकांना वाचवायला गेलेला आदिल हुसेन शाह हा घोडेवालाही गेला. आम्ही दोन महिन्यांपूर्वी त्याच पहलगाममध्ये होतो, त्यामुळे घरात चार दिवस कुणी धड जेवलं नाही. मे महिन्यात आईने मला स्लेजवाल्याला फोन करायला लावला, त्याने नंबर दिला होता. त्याने पहिलं विचारलं, "माताजी के घुटने कैसे हैं?" मग म्हणाला, इथे कुणीच नाही, स्लेज घरी भिंतीला लावून ठेवलीय, सफरचंदाच्या बागेत मजुरीला जातो. आईने फोन घेतला आणि तिच्या हिंदीत काय काय बोलली, देव जाणे.

आणि ऑगस्टमध्ये माथेरानची बातमी आली. ६ ऑगस्ट २०२५. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, माथेरानच्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, माणसाने माणसाला ओढणं हे माणुसकीला धरून नाही. निकाल देणाऱ्या पीठावर तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई, आपल्या अमरावतीचे. सायकलरिक्षावाल्यांबद्दलच्या १९८०च्या एका जुन्या निकालाची आठवण त्यात काढली होती, म्हणजे तेव्हापासून पंचेचाळीस वर्षं गेली. मी पेपर घेऊन आईकडे गेलो, जिंकल्यासारखा.

पण निकालातला मला खरा महत्त्वाचा वाटला तो पुढचा भाग. नुसतं बंद करा म्हणून न्यायालय थांबलं नाही. ओढणाऱ्यांनाच ई-रिक्षा द्या, गुजरातेत केवडियाला करतात तसं सरकारने गाड्या विकत घेऊन त्यांना भाड्याने चालवायला द्या, आणि पैसे नाहीत ही सबब सांगू नका, असंही बजावलं. माथेरानला परवानाधारक हातरिक्षावाले होते चौऱ्याण्णव. चौऱ्याण्णव! आमच्या एका सोसायटीत याहून जास्त चारचाकी आहेत. आणि ई-रिक्षा मागत होते ते रिक्षावालेच. त्यांच्यासाठी एक निवृत्त शिक्षक वर्षानुवर्षं खेटे घालत होते. २०२२मध्ये परवानगी मिळून डिसेंबरात चाचणी सुरू झाली, तरी वाद संपेनात, घोडेवाल्यांचा विरोध होताच. घोडेवाल्यांनाही पोट आहे, त्यांना मी मोडीत काढत नाही.

यावर कुणी म्हणेल, डोंगरात गाड्या आल्या की डोंगर संपला. मान्य आहे, माथेरानची शांतता मलाही हवी आहे. पण गाडीबंदी म्हणजे माणूस जुंपणं असं काही नसतं. स्वित्झर्लंडमध्ये झेरमॅट आहे, स्कीच्या दुनियेतलं मोठं नाव. तिथेही पेट्रोल-डिझेलच्या गाड्यांना बंदी आहे, तिथेही माथेरानसारखी डोंगरी रेल्वे जाते. स्टेशनच्या बाहेर छोट्या, डब्यासारख्या विजेच्या टॅक्स्या उभ्या असतात, त्या सामानासकट हॉटेलच्या दारात नेऊन सोडतात. स्वच्छ केलेल्या रस्त्यावर हिवाळ्यातही धावतात. डोंगर आहे तिथेच आहे, मॅटरहॉर्न काही खचला नाही.

गुलमर्गलाही हे होण्यासारखं आहे. टॅक्सी स्टँड ते गोंडोला हा एवढाच पट्टा बर्फ काढून साफ ठेवायचा, त्यावर विजेच्या दहा-पंधरा गाड्या, आणि त्या गाड्या चालवायला हेच स्लेजवाले. बाहेरचा ठेकेदार आणून बसवला तर मी म्हणेन स्लेजच बरी. उतारावरची स्लेज राहू दे खुशाल, हौसेला. हौसेने बसणं वेगळं आणि दुसरा इलाजच नाही म्हणून बसणं वेगळं. आणि बर्फ दरवर्षी असाच कमी पडायला लागला तर सगळ्यात आधी रोजी जाईल ती स्लेजवाल्याची. गोंडोला काय, बिनबर्फाचाही चालतो, उन्हाळ्यातही रांगा असतात.

हे सगळं मी आईला त्या दिवशी पेपर हातात धरून ऐकवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "गाडीचे हप्ते कोण भरणार? मधेच पहलगामसारखं झालं तर चार महिने हप्ता कुठून भरायचा त्याने? स्लेजला हप्ता नसतो." याला माझ्याकडे अजून धड उत्तर नाही. सरकारने विकत घेऊन भाड्याने द्यायची म्हटलं तर भाडंही मंदीत माफ व्हायला हवं, इथपर्यंत मी आलोय.

तर मावशी, तुझा प्रश्न राहिलाच. जा. गोंडोलाचं तिकीट आधी काढ, औषधं हातातल्या पर्समध्ये ठेव, तनमर्गला कोट घेताना आतून वास घेऊन बघ. गमबूट एक नंबर मोठा घे, आत दोन मोजे घालता येतात. स्टँडवर उतरलीस की चाल पाच मिनिटं, तुझे गुडघे आईपेक्षा बरे आहेत. नाही जमलं तर स्लेज घे, पण माझ्यासारखी घासाघीस करू नकोस. चिखल असेल तिथे उतरून दहा पावलं चालता आलं तर चाल. तो नको म्हणेल, तरी चाल.

मी त्याचा नंबर तुला पाठवतो. आणि मूळ फोटो अजून फोनमध्ये आहे, न कापलेला, तो आज ग्रुपवर टाकतोय. डावीकडे वाकून उभा आहे तो तोच, म्हणजे तुला ओळखता येईल.